दक्षिणेकडचा बाण

आमच्या यशवंतपूरच्या सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं, की ट्रकमधून पलंग उतरायच्या आधी कोणीतरी माझी बेल वाजवतं. "कुलकर्णी मॅडम, तुम्ही मॅग्नेटवाल्या ना? उत्तरेकडे डोकं करून झोपलं तर रक्तातलं लोह खेचलं जातं म्हणतात. खरं का?" नोकरीत होते तेव्हा मी यावर सविस्तर उत्तर देत असे. रक्तातलं लोह चुंबकाला दाद देत नाही, पृथ्वीचं चुंबकत्व फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या केळ्यापेक्षाही कितीतरी दुबळं असतं, वगैरे. ऐकणारा आदराने मान डोलवायचा आणि घरी जाऊन पलंग पूर्व-पश्चिम लावायचा. निवृत्त झाल्यापासून मी नुसतं "सरी", म्हणजे बरं, "पूर्वेकडे करा" म्हणते. दोघांचाही वेळ वाचतो.

बंगळुरूच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचा यंदाचा संपादक मूळचा पुण्याचा, के. आर. पुरमकडे एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो म्हणाला, "काकू, तुमची जर्नी लिहा ना. थोडं इन्स्पायरिंग, थोडं रिलेटेबल." माझी जर्नी म्हणजे घर ते प्रयोगशाळा आणि प्रयोगशाळा ते घर, तीही बसने. त्यात इन्स्पायर होण्यासारखं काही घडल्याचं आठवत नाही. पण एका बाणाची गोष्ट आठवते. ती रिलेटेबल आहे की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आधी धंदा काय ते सांगते. नदी पुराबरोबर गाळ आणते, गाळ बसतो, त्यावर गवत-झाडं उगवतात आणि त्याची माती होते. पुढे कधीतरी पुन्हा गाळ, पुन्हा माती. काठाची दरड कोसळली की हे थर एकावर एक उघडे पडतात. त्यातला कोणता किती जुना, हे शोधणं माझं काम. मातीत लोहाचे बारीक कण असतात, डोळ्यांना न दिसणारे. पंगतीत सगळ्यांनी एकीकडे तोंड करून बसावं, तसे ते त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाप्रमाणे एका दिशेला तोंड करून बसतात आणि थर घट्ट झाला की तसेच राहतात. आता गंमत अशी, की पृथ्वीचं चुंबकत्व अधूनमधून उलटं होतं. शेवटचं मोठं उलटणं सात-आठ लाख वर्षांपूर्वी झालं. त्याच्या आधी कोणाकडे होकायंत्र असतं, तर त्याच्या सुईने दक्षिण दाखवली असती. म्हणून थरातले कण उत्तरेकडे तोंड करून असले तर थर बहुधा त्या उलटण्यानंतरचा, आणि दक्षिणेकडे असले तर त्याआधीचा. बहुधा म्हणते, कारण त्याच्याही मागे अशी उलटणी होऊन गेली आहेत. त्यात शिरले तर अंकात जाहिरातींना जागा उरायची नाही.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, पुढे लागेल. आपल्या भागात सुई नुसती उत्तर दाखवत नाही. मोकळी टांगली तर तिचं नाक किंचित जमिनीकडे झुकतं. चुंबकत्व उलटं असताना तिचं तोंड दक्षिणेकडे होतं आणि नाक आभाळाकडे. तोंड आणि नाक दोन्ही एकदमच उलटतात.

नमुना घ्यायचा म्हणजे दरडीत पावाएवढा मातीचा ठोकळा कोरायचा, त्याचा माथा सपाट करायचा, होकायंत्र ठेवून दिशा वाचायची आणि ठोकळ्यावर बाण काढायचा. बाण नेहमी दरडीच्या आत जाणारा, हा नियम. मग ठोकळा सोडवून बंगळुरूला आणायचा. इथे पोचल्यावर त्या ठोकळ्याची उत्तर कुठे होती, हे सांगणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे तो बाण. बाणाशिवायची माती आम्ही प्रयोगशाळेच्या कुंड्यांत टाकत असू. आमची जास्वंद फार छान यायची.

हे लोकांना पटवणं कठीण होतं. हेब्बाळचा एक बिल्डर पोतंभर माती घेऊन आला होता. तलावालगतची त्याची जागा कधीही तलावात नव्हती असं त्याला माझ्याकडून लिहून हवं होतं. मी म्हटलं, "अहो, पोत्यातली माती आहे ही. हिचं तोंड कुठे होतं ते आता कसं कळणार?" तो म्हणाला, "मॅडम, तोंड तुम्ही म्हणाल तिकडे." इतकं समजूतदार गिऱ्हाईक मला पुन्हा भेटलं नाही.

मोजायची खोली खास पत्र्याने मढवलेली होती, बाहेरचं चुंबकत्व आत येऊ नये म्हणून. आत जाताना पिना, किल्ल्या, मोबाइल, पट्ट्याचं बक्कल, सगळं बाहेर ठेवायचं. मी एकही पिन न लावता साडी नेसायला तिथेच शिकले. एकदा तपासणीसाठी दिल्लीहून आलेले एक बडे अधिकारी पट्टा बाहेर काढून आत आले आणि सबंध पाहणीभर डाव्या हाताने पँट धरून उभे होते. प्रयोगशाळेत शिस्त कडक आहे, असा शेरा त्यांनी दिला.

त्या शिस्तीला एकदाच भोक पडलं, तेही आयुधपूजेला. खंडेनवमीला बंगळुरात बसपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळ्याची पूजा होते, मग आमच्या यंत्रांनीच काय घोडं मारलं होतं? इमारतीची झाडलोट पाहणाऱ्या रुक्मिणीअक्कांनी मोठ्या प्रेमाने खोलीच्या उंबऱ्यावर आणि नमुने ठेवायच्या टेबलावर केम्मण्णूचे पट्टे ओढले. केम्मण्णू म्हणजे आपला गेरू, आणि गेरू म्हणजे लोहाचा गंज. तो टेबलावरून हाताला आणि हातावरून नमुन्यांना लागला. पुढे कितीतरी दिवस नदीची माती, तळ्याची माती, डोंगरावरची माती, सगळ्यांचं उत्तर साधारण एकच यायला लागलं. कारण सापडल्यावर अक्का रडवेल्या झाल्या. मी त्यांना म्हटलं, "पूजा करा हो, फुलं वाहा, फक्त गेरू नको." सगळ्यात जास्त संतापले ते आमचे हेगडे सर. "एकविसाव्या शतकात प्रयोगशाळेत हे चालतं!" असं ते व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले.

हेगडे सर आमच्या विभागाचे प्रमुख. मुहूर्त पाहायचे नाहीत, नवीन गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवू द्यायचे नाहीत. माणूस मात्र लाख. दौऱ्यावर निघताना बायकोकडून सगळ्यांना पुरेल एवढं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात, करून आणायचे आणि झाडाखाली स्वतः वाढायचे. कृष्णेच्या खोऱ्यातल्या एका उपनदीवर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली होती, आणि ती सगळी नदीच्या उत्तर काठावर. निवृत्ती तोंडावर आली तेव्हा त्यांना दक्षिण काठावर एक लाल मातीचा थर सापडला. त्यात आदिमानवाने घडवलेली दगडी हत्यारं होती. थर त्या सात-आठ लाख वर्षांपूर्वीच्या उलटण्याच्या आधीचा निघाला, तर सरांचं नाव पाठ्यपुस्तकात जाणार होतं. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही, पण तेव्हापासून ते शिट्टी वाजवत जिना चढायला लागले.

उत्तर काठावरच्या थरांवर आणि आता या थरावर मृणालची पीएचडी होती. मृणाल नागपूरची, सरांची शेवटची विद्यार्थिनी. शिष्यवृत्तीचं शेवटचं वर्ष चालू होतं, पुढची नोकरी ठरलेली होती आणि ती पदवीसाठी अडलेली होती. मराठी बोलायला म्हणून ती माझ्या खोलीत येऊन बसायची आणि माझ्या डब्यातलं थालीपीठ संपवायची.

दक्षिण काठावरचे ठोकळे आले, आम्ही मोजले. तोंड दक्षिणेकडे! सरांनी अख्ख्या इमारतीला म्हैसूरपाक वाटला. एका वर्तमानपत्रात फोटो आला. थराजवळच्या गावाने वेशीवर 'सात लाख वर्षांच्या गावात आपले स्वागत' असा फलक लावला. त्यावर स्थानिक पुढाऱ्यांचे चेहरे होते, आदिमानवाचा नव्हता.

म्हैसूरपाक खाऊन झाल्यावर मी आकडे पुन्हा पाहिले. तोंड दक्षिणेकडे होतं, पण नाक खाली होतं. मी मृणालला बोलावलं, पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच. एकाही ठोकळ्याचं नाक वर नाही.

"म्हणजे काय मॅडम?" तिने विचारलं.

मी तिला पेन्सिल तिरकी धरायला लावली, तोंड उत्तरेकडे, नाक टेबलाकडे. "आता जागच्या जागी अर्धी गिरकी दे." तिने दिली. तोंड उत्तरेचं दक्षिणेकडे गेलं, नाक खालीच राहिलं. तिचा चेहरा उतरला. पृथ्वी उलटली असती तर नाकही उलटलं असतं. इथे पृथ्वी जागच्या जागी होती, फिरला होता तो बाण.

"पण बाण तर सरांनीच काढले," ती म्हणाली. "मी फक्त ते सांगतील ती दिशा लिहून घेत होती."

ते खरंच होतं. सर बाण दुसऱ्या कोणाला काढू देत नसत. एवढी एक गोष्ट तरी आपल्या हाताने झाली पाहिजे, असं म्हणायचे.

आम्ही दोघी सरांकडे गेलो. त्यांनी आकडे पाहिले, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि खुर्चीतून उठलेच. "नाक खाली? म्हणजे उलटणं चालू असतानाचा थर! अर्धं झालंय, अर्धं व्हायचंय! कुलकर्णी, हे तर त्याहून मोठं आहे!"

"सर, बाण उलटा पडला असेल," मी म्हटलं.

"बाण मी काढलेत," ते म्हणाले, आणि आमच्यासाठी कॉफी मागवली.

कॉफी पिऊन बाहेर आलो तेव्हा मृणालचे डोळे भरले होते. "सर ऐकूनच नाही राहिले ना मॅडम. आता म्हणतात, प्रबंधाचं शीर्षकच बदलू. हे लिहिलं तर बाहेरचे परीक्षक मला फाडून खातील. नाही लिहिलं तर सरांना खोटं पाडलं असं होते. मी काय करू?"

मला त्यांचाही राग येत होता आणि तिचीही दया. शेवटी मी सरांकडे एकटी गेले आणि म्हटलं, "एवढा मोठा शोध आहे, परीक्षक शंका काढणारच. दोन ताजे ठोकळे आणून ठेवू. मीही येते." ते लगेच तयार झाले. स्वतःच्या हातावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

त्या काठावर मी पहिल्यांदाच जात होते. पोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत होती, दरड तिच्या दक्षिण बाजूला. म्हणजे दरडीसमोर उभं राहिलं की पाठ नदीकडे आणि तोंड थेट दक्षिणेकडे. सर गुडघ्यांवर बसले, ठोकळा कोरला, माथा सपाट केला, होकायंत्र ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, "दक्षिण." मृणालने लिहिलं. मग त्यांनी मार्कर उचलला आणि सफाईदार बाण काढला, दरडीतून बाहेर येणारा, स्वतःच्या छातीकडे.

मी मृणालकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. सरांनी दुसरा ठोकळा कोरला, पुन्हा म्हणाले, "दक्षिण," आणि पुन्हा बाण छातीकडे.

"सर," मी म्हटलं, "आत कुठली दिशा आहे?"

"दक्षिण. आत्ताच सांगितली."

"आणि बाण?"

त्यांनी खाली पाहिलं.  मग त्याच बाणाशेजारी नियमाप्रमाणे आत जाणारा बाण काढायला हात नेला आणि तो अर्ध्यावर थांबला. मला दिसत होतं, ते हात पुढे रेटायचा प्रयत्न करत होते.

"आमची अम्मा," ते कानडीत म्हणाले, "दक्षिणेकडे तोंड करून जेवायला बसू द्यायची नाही. त्या बाजूला रांगोळीचं टोकही जाऊ द्यायची नाही. यमाची दिशा. मी हे सगळं कॉलेजात असतानाच सोडलं." मग हातातल्या मार्करकडे पाहत म्हणाले, "म्हणजे मला तसं वाटत होतं."

उत्तर काठावर दरडीच्या आत उत्तर असते. तिथे इतकी वर्षं त्यांच्या हातावर ही वेळच आली नव्हती. इथे जीभ होकायंत्राचं ऐकत होती आणि हात अम्माचं. मला हसू यायला हवं होतं. गेरूच्या वेळचा व्हरांड्यातला त्यांचा आवाज मी विसरले नव्हते. पण त्या माणसाचं पाठ्यपुस्तकातलं पान माझ्यासमोर फाटत होतं आणि ते फाडायला मीच त्याला तिथवर आणलं होतं. मला फार वाईट वाटलं.

शेवटी त्यांनी बाण काढला. आत, सरळ दक्षिणेकडे. काढताना डोळे मिटले होते, त्यामुळे जरा वाकडा आला. मृणाल म्हणाली, "चालेल सर, मी मोजताना दुरुस्ती करीन." मग आम्ही झाडाखाली बसून चित्रान्न खाल्लं. सरांनी नेहमीसारखं वाढलं, स्वतः मात्र स्वल्पच घेतलं.

ताजे ठोकळे मोजले. तोंड उत्तरेकडे, नाक खाली. थर शेवटच्या उलटण्यानंतरचा, म्हणजे सर समजत होते त्याहून बराच तरुण. सर मृणालला म्हणाले, "लिही." शिट्टी बंद झाली. गावाचा फलक मात्र अजून आहे. तो उतरवा असं त्या गावाला कोण सांगणार?

मृणालने प्रबंधात जुन्या नमुन्यांविषयी एकच वाक्य घातलं: बाण काढताना झालेल्या चुकीमुळे पहिले ठोकळे वगळले. चूक कोणाची, ते लिहिलं नाही. मी तिला म्हटलं, "अगं, दौरा विद्यार्थ्याचा असतो. वाचणारा तुझीच चूक समजेल." ती म्हणाली, "समजू द्या ना मॅडम. सरांनी चार वर्षं मला सांभाळलं. मी त्यांचं नाव कशी लिहू?"

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. या शास्त्रात मुरलेले, वाक्यावाक्याखाली पेन्सिलीने रेघा मारणारे. सभागृह भरलं होतं. मृणालने छान मांडलं. मग परीक्षकांनी नेमकं ते वाक्य काढलं.

"हे बाण कोणी चुकवले?"

मृणाल समोरचे कागद नीट लावायला लागली.

"तुम्हीच ना? मग मला सांगा, जिला बाण काढता येत नाही, तिच्या प्रबंधातल्या बाकी नमुन्यांवर मी का विश्वास ठेवू? सगळाच प्रबंध बाणांवर उभा आहे."

त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्यांच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं. मृणालने टेबलाची कड घट्ट धरली होती. ती सरांकडे बघत नव्हती, मुद्दामच. मी उठणार होते, पण मी काय सांगणार? जे सांगायचं होतं ते माझं नव्हतं.

अशा परीक्षेत मार्गदर्शकाने मध्ये बोलायचं नसतं. हेगडे सर उभे राहिले.

"ते बाण मी काढले," ते म्हणाले. "मला दक्षिणेची भीती वाटते."

सभागृह खदखदून हसलं. परीक्षकही हसले. "हेगडे, विद्यार्थिनीला वाचवायला चांगला विनोद काढलात. बसा."

सर बसले नाहीत. "विनोद नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. अम्मा, जेवायचं पान, रांगोळीचं टोक, आत न जाणारा हात. गेरूच्या दिवशी आपण काय बोललो होतो, तेही सांगितलं. मागच्या दारात उभ्या असलेल्या रुक्मिणीअक्कांनी पदर तोंडाला लावला. हसणारे एकेक करून थांबले. विभागातल्या मुलांसमोर, कनिष्ठ सहकाऱ्यांसमोर ते उभे होते आणि त्यांचा आवाज जरासुद्धा हलत नव्हता.

परीक्षकांनी पेन्सिल खाली ठेवली. "आणि बाकीचे नमुने?"

"ताजे दोन कुलकर्णींच्या डोळ्यांदेखत घेतले. बाकी सगळे उत्तर काठावरचे," सर म्हणाले. "तिथे आत उत्तर आहे. तिथे माझा हात मोकळा असतो."

परीक्षकांनी थोडा विचार केला, मान हलवली आणि पान उलटलं. पुढचा प्रश्न त्यांनी मातीच्या रंगावर विचारला. तासाभराने मृणाल डॉक्टर झाली.

व्हरांड्यात ती सरांच्या पाया पडायला पुढे आली. त्या इमारतीत उत्तर कुठे आणि दक्षिण कुठे, हे मला झोपेतही सांगता येतं. सरांचं तोंड दक्षिणेकडे होतं. ती वाकली तसे ते सवयीने अर्धे वळले. मग थांबले. परत होते तसे उभे राहिले, आणि दक्षिणेकडे तोंड करूनच त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.